बाबांच्या नाटकातले कंस

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच नाटक लिहिलं, आणि प्रयोगाच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मी त्यातलं अर्धं पुसून टाकलं.

पुसायचं नव्हतं हो! झाडायचं होतं फक्त. पण ते पुढे येईलच.

आमचे बाबा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. डहाणू-तलासरी गाडीवर त्यांची हयात गेली. आवाज असा, की रानशेतला आमच्या ओटीवर शिंकले तर नाक्यावरची माणसं गाडी आली समजून पिशव्या उचलतील. असा माणूस घरात एका बाबतीत मात्र मुका होता. वनूआत्या! त्यांची थोरली बहीण, गुजरातच्या वेशीवर तलासरीला दिलेली, म्हणून बोलण्यात गुजराती मिसळलेली.

भांडणाचं कारण सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. उकडहंडी! थंडीत आमच्याकडे वालपापडी, रताळी, कोनफळ, बटाटे सगळं एका मडक्यात भरून शिजवतात, ती. आत्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, व्याही पहिल्यांदा घरी आले, आत्यांनी हौसेने हंडी लावली. आणि बाबांनी पहिला घास तोंडात घालून सगळ्या व्याह्यांसमोर, गाडीत स्टॉप पुकारावा तसं पुकारलं, "ताई, कोनफळ कच्चं राहिलं!"

झालं. तेव्हापासून भाऊबीज बंद.

बरं, आत्या अधूनमधून बाबांच्याच गाडीत चढायच्या. दुसरी गाडी नसायची, करणार काय! बाबा समोर उभे राहायचे, तिकीट फाडायचे, आत्या खिडकीबाहेर बघत ते घ्यायच्या. अख्ख्या प्रवासात एक शब्द नाही. (ड्रायव्हर सांगायचा, त्या दिवशी गाडीत मयतीला निघाल्यासारखं वाटायचं.) गेल्या वर्षी आत्या आजारी पडल्या, तेव्हा बाबा हॉस्पिटलच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, शहाळं नर्सच्या हातात कोंबलं आणि परत आले. त्या रात्री जेवले नाहीत. "पोटात गॅस आहे," म्हणाले. गॅस कसला! मला त्यांची फार दया आली होती.

शेवटी सासूबाई, म्हणजे आई, स्वतः तलासरीला जाऊन नणंदेशी बोलून आल्या.

"काय म्हणाल्या आत्या?" मी विचारलं.

"म्हणतात, तो चारचौघांत बोलला ने? मग चारचौघांतच परत घेऊ दे. घरात येऊन कानात कुजबुजलेलं मला चालनार नाय."

बाबांनी हे ऐकलं, मिशी चोळली आणि आठवडाभर वहीत तोंड घालून बसले. आठवड्याने नाटक तयार! गावच्या सार्वजनिक सत्यनारायणाला दरवर्षी संध्याकाळी नाटक होतं, यंदा बाबांचं होणार. एक भाऊ असतो, एक बहीण असते, दोघांचा अबोला असतो, आणि शेवटच्या प्रवेशात भाऊ बहिणीचे पाय धरून माफी मागतो. आत्यांना खास बोलावणं धाडायचं, पहिल्या रांगेत बसवायचं, आणि अख्ख्या रानशेतसमोर माफी मागून मोकळं व्हायचं. आता बहिणीची माफी मागायला तीन अंकी नाटक कोण लिहितं? आमचे बाबा लिहितात! सरळ बोलणं त्यांना जमत नाही.

भाऊ म्हणजे अर्थात बाबा. नोकर गणू आणि पडदा ओढणारा, असा डबल रोल माझ्या नवऱ्याला, महेशला. बहिणीचं काम मला. आणि प्रॉम्प्टर आई. कारण बाबा पाठांतर करत नाहीत. "विंगेतून जे येईल ते ठणकावून म्हणायचं," हा त्यांचा अभिनयाचा एकमेव सिद्धांत. "आधीच पाठ करून येतो, तो नट आगाऊ!"

मी डहाणूच्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, त्यामुळे टायपिंग ओघाने माझ्याकडे आलं. बाबा झोपाळ्यावर बसून सांगायचे, मी लॅपटॉपवर उतरवायचे. आणि बाबांना कंसांचा भारी नाद! स्वतःच्या प्रत्येक वाक्यात त्यांना कंस हवा. "लिही, कंसात, आकाशाकडे बघत. कंस पूर्ण." "लिही, कंसात, हुंदका देऊन." दुसऱ्यांच्या वाक्यांना फार तर एखादा कंस. स्वतःच्या भाषणाला मात्र सुरुवातीला एक, शेवटी एक, कधी मध्येही एक.

रंगीत तालमीत घोटाळा झाला. आई म्हणजे सरळमार्गी बाई. कागदावर छापलंय ते सगळं वाचायचं, एवढंच त्यांना माहीत. विंगेतून त्यांचा आवाज आला, "गणू, चष्मा काढत, इकडे ये." आणि बाबांनी सिद्धांताप्रमाणे ठणकावलं, "गणू, चष्मा काढत इकडे ये!"

महेश बिचारा चष्मा काढून आला आणि पाटावर अडखळून पडला.

"अहो, ते कंसातलं बोलायचं नसतं!" मी म्हटलं.

"मग वाचलं कशाला हिने?"

"लिहिलंत कशाला तुम्ही?" आई विंगेतून गरजल्या. "मी काय आता कुठलं खरं नि कुठलं कंसातलं, निवडत बसू? तांदूळ आहेत का ते? मला एक अक्षर जास्तीचं नको कागदावर!"

इथे माझी एंट्री होते. त्याच महिन्यात ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये मी एक नवी विद्या शिकून आले होते. रेग्युलर एक्स्प्रेशन! साधा शोध एकच शब्द शोधतो, ही विद्या शब्दांचा साचा शोधते. शोधायच्या चौकटीत टिंब दिलं तर 'कुठलंही अक्षर' आणि पुढे चांदणी दिली तर 'कितीही वेळा'. म्हणजे आधी तिरकी रेघ देत दोन कंस लिहायचे, मध्ये टिंब आणि चांदणी टाकायची, बदली काय घालायचं ते रिकामं ठेवायचं आणि बटण दाबायचं. कंसाचे कंस, आतल्या मजकुरासकट गायब! शाळेत मी या विद्येने जुन्या पत्रांतली फालतू स्पेस साफ केली होती आणि तेव्हापासून स्वतःला सॉफ्टवेअर इंजिनिअर समजत होते. (महेशला मी चहा देतानासुद्धा "थांब, प्रोसेस चालू आहे" म्हणायचे.)

प्रयोगाच्या दिवशी सकाळी सगळ्यांना भोवती जमवलं. चौकटीत \(.*\) असं लिहिलं.

"हे काय, मंत्र?" आईंनी हात जोडले.

"तसंच समजा. बघा हं आता!"

बटण दाबलं. पापणी लवायच्या आत एकूण एक कंस उडाले. बाबांनी झोपाळ्यावरूनच टाळी वाजवली. मी पहिलं पान वाचून पाहिलं. चकाचक! पहिल्या पानावर बाबांची एंट्रीच नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. नाटक जरा बारीक झाल्यासारखं वाटलं खरं. पण म्हटलं, कंस गेले म्हणजे बारीक होणारच. फाइल सेव्ह केली, नाक्यावर जाऊन प्रिंट काढली, आईंच्या हातात दिली. जुनी प्रत आईंनी लगेच अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातली. "दोन दोन ठेवल्या तर घोटाळा होतो," म्हणाल्या.

संध्याकाळी देवळापुढचं पटांगण भरलं. आत्या आल्या! लेकाच्या मोटरसायकलवरून, नवं लुगडं नेसून, तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं करून. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसल्या. बाबांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं, मागे आले, पुन्हा जाऊन पाहिलं. मी पहिल्यांदाच त्यांना असं बघत होते.

"वर्षा," मला म्हणाले, "शेवटचा प्रवेश नीट व्हायला हवा गं. बाकी पडलं तरी चालेल."

"बाबा, काही काळजी करू नका. स्क्रिप्ट एकदम क्लीन आहे."

तिसऱ्या घंटेऐवजी बाबांनी सवयीने डबल बेल दिली आणि नाटक सुटलं.

मी मागच्या खोलीत केसांना पावडर चोपडून म्हातारी होत होते, तेवढ्यात स्टेजवरून बाबांचा आवाज आला.

"गणू, आज माझी ताई येणार. तिला हाकलून दे!"

पब्लिक खदाखदा हसलं. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. पावडर चोपडत राहिले. महेश गणूच्या आवाजात "बरं मालक" म्हणाला, पण त्या 'बरं'मध्ये चांगलीच शंका होती. थोड्या वेळाने पुन्हा तोच पहाडी आवाज.

"माझी बहीण दिवसभर नुसती खात असते!"

पावडरीचा डबा माझ्या हातातून पडला. पटांगणात शिट्ट्या! कुणीतरी ओरडलं, "कंडक्टर, एक नंबर कॉमेडी!" मी फटीतून पाहिलं. आत्यांनी पदर खोचला होता.

मी धावत विंगेत गेले. आई टॉर्चच्या उजेडात कागद डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

"आई, काय वाचताय तुम्ही?"

"छापलंय ते."

"असं कसं छापलं असेल? बघू!"

"सरक गं, उजेड अडवू नकोस. माझं वाक्य जाईल." आणि मला कोपराने ढकलून त्यांनी पुढचं वाक्य सोडलं. बाबांनी ते झेललं आणि पटांगणावर फेकलं.

"तिच्या हातची उकडहंडी खाल्ली, की दोन दिवस माणूस अंथरुणात!"

आता लोक खुर्च्यांवर उभे राहून हसत होते. आणि मला मूळ वाक्य आठवलं. मीच टाइप केलं होतं! 'तिच्या हातची उकडहंडी (डोळे मिटून) म्हणजे अमृत. नाहीतर स्टँडवरची भजी (पोटावर हात ठेवून) खाल्ली, की दोन दिवस माणूस अंथरुणात.' म्हणजे हाकलायचं होतं मोकाट कुत्रीला. दिवसभर खात असायची ती म्हैस. बहीण तर 'म्हणजे माझी दुसरी आई' होती!

तिथे त्या विंगेत, डोक्यावर पावडर घेऊन उभी असताना, मला ट्रेनिंगमधल्या सरांचं एक वाक्य आठवलं. मी तेव्हा समोसा खात होते. सर म्हणाले होते, "ही चांदणी हावरट असते बरं का. तिला 'कितीही' म्हटलं, की ती परिच्छेदात पार शेवटच्या कंसापर्यंत जाते. तिला आवरायला वेगळं चिन्ह लागतं." ते वेगळं चिन्ह सरांनी फळ्यावर काढलं, तेव्हा मी चटणी मागायला उठले होते! एकच कंस होता तिथे चांदणीने तेवढाच खाल्ला. पण जिथे दोन कंस होते, तिथे पहिला कंस उघडल्यापासून शेवटचा बंद होईपर्यंतची सगळी माया, सगळं प्रेम, सगळं अमृत तिने गिळलं होतं. आणि दोन-दोन कंस होते फक्त बाबांच्या भाषणांना.

"आई," मी कळवळून म्हटलं, "शेवटच्या प्रवेशातलं बाबांचं वाक्य वाचू नका. पाया पडते. काहीच बोलू नका."

"आणि ते मुके उभे राहू दे? एवढ्या लोकांत? माझा नवरा आहे तो!"

"अहो, पण वाक्य चुकलंय!"

"सकाळी म्हणालीस, मंत्र आहे!"

तेवढ्यात महेशने मला मागून ढकललं. "चल, शेवटचा प्रवेश, तुझी एंट्री!" आणि मी स्टेजवर. बहीण! समोर बाबा, हात जोडून, डोळ्यांत खरंखुरं पाणी घेऊन उभे. त्यांच्या मते सगळं झकास चाललं होतं. पब्लिक का हसतंय हे त्यांना कळत नव्हतं, पण आपण इतके रंगलोत म्हणून त्यांना भरून आलं होतं. मी डोळ्यांनी खुणा केल्या, मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं. बाबांना वाटलं, सून काय अभिनय करतेय!

मूळ वाक्य मला तोंडपाठ होतं. 'ताई, झाली ती सगळी चूक (हुंदका देऊन) माझीच होती. कोनफळ अगदी लोण्यासारखं शिजलं होतं, माझी जीभच कच्ची होती. माझ्या घरची भाऊबिजेची पहिली ओवाळणी (पाय धरून) तुझीच आहे!' लिहून झाल्यावर या वाक्याला बाबा स्वतःच रडले होते.

विंगेतून आईंचा आवाज आला. बाबांनी छाती भरून श्वास घेतला, माझ्याकडे पाठ केली, थेट पहिल्या रांगेकडे बघितलं आणि डहाणूपासून तलासरीपर्यंत ऐकू जाईल असं ठणकावलं.

"ताई, झाली ती सगळी चूक तुझीच आहे!"

हसू नाही. शिट्टी नाही. सगळ्या गावाला हा अबोला माहीत होता. बोलून झाल्यावर बाबांनी आपलंच वाक्य ऐकलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

आत्या उठल्या. लेक हात धरायला आला, त्याला झटकलं. पायऱ्या चढून स्टेजवर आल्या. मी मध्ये उभी होते, बहिणीच्या वेषात, पावडरीने माखलेली. "तू सरक गं जरा," म्हणाल्या. मी सरकले.

"केम रे? कोनाची चूक?"

बाबांनी विंगेकडे पाहिलं. आईंनी कागद उलटा केला, सुलटा केला. "पान संपलं हो!" त्या घाबऱ्या घाबऱ्या ओरडल्या, आणि ते स्टेजवरच्या माइकमधून सगळ्या गावाला ऐकू गेलं.

"तिकडे काय बघतोस? हिकडे बघ ने," आत्या म्हणाल्या. "बायको सांगेल तेवढंच बोलनार काय तू?"

बाबांचे ओठ हलले, आवाज येईना. इतका मोठा आवाज, गेला कुठे कोण जाणे! मला रडू फुटलं. त्या माणसाने एका वाक्यासाठी तीन अंक लिहिले होते, आणि तेच एक वाक्य मी खाऊन टाकलं होतं. मग ते हळूच, घरातल्या घरात बोलावं तसं म्हणाले, "ताई, कोनफळ शिजलं होतं."

"नव्हतं शिजलं."

"अं?"

"कच्चंच होतं. तू गेल्यावर मी खाल्लं ने. दातात अडकलं माझ्या." आत्यांनी खोचलेला पदर सोडला. "कच्चं तर कच्चं. पन पावण्यांच्या समोर बोलायचं? मी तुला कडेवर घेऊन फिरवलं रे! मला बाजूला घेऊन सांगायचं, ताई, कच्चं हाय. मी हंडी परत लावली असती."

"चुकलो," बाबा म्हणाले. पुढे काही म्हणायला गेले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. खाली वाकले, तर आत्यांनी मध्येच दंड धरून वर ओढलं. "बस हवे, बस झालं. कंबर धरेल तुझी." आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं. मिशीला लावलेला रंग गालभर पसरला.

महेशने पडदा पाडायचा होता. तो नोकराच्या वेषात हुंदके देत दोरीला लटकला होता. पडदा अर्ध्यावर अडकला तो अडकलाच.

त्या भाऊबिजेला आत्या आल्या, मडकं घेऊनच आल्या. हंडी उघडली, बाबांनी घास घेतला, सगळ्यांनी श्वास रोखला. बाबा उठले, आत्यांना स्वयंपाकघरात बाजूला घेऊन गेले आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं माहीत नाही. हंडी परत चुलीवर चढली आणि आम्ही तासाभराने जेवलो.

राहिली बक्षिसं. आमच्याकडे प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष देवळात बक्षिसं देतात. उत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस वनूआत्यांना मिळालं, ज्या नाटकात नव्हत्याच. मी महिनाभर आरशासमोर तयारी केली होती, असो. उत्कृष्ट लेखनासाठी बाबा आधीच अर्धे उठून उभे होते, तर अध्यक्ष म्हणाले, "लेखन आपलं ठीक होतं हो कंडक्टर, तसं सगळेच लिहितात. पण ती जी काटछाट केलीय ना, क्या बात है! एक शब्द फालतू नाही. कोणी केली?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी पुढे गेले आणि टाळ्यांच्या गजरात स्टीलचा डबा घेतला. शाळेत इतकी वर्षं मान मोडून नीट काम करतेय, तिथे मला साधा पेनसुद्धा कुणी दिलेला नाही.